अटलांटिकवरील पर्यायी विमानतळ निवडताना

नकाशावर जवळ दिसतो एवढ्यावरून पर्यायी विमानतळ (वाटेत बिघाड झाल्यास विमान वळवून जिथे उतरवायचे तो) ठरवू नका. उत्तर अटलांटिकसाठी शॅनन (आयर्लंड), केफ्लाविक (आइसलँड), गँडर (कॅनडा), लाजेस (पोर्तुगालची अझोरेस बेटे) ही नावे वारंवार समोर येतील. परंतु दोनपैकी एक इंजिन बंद पडल्यास उरलेल्या इंजिनावर 180 मिनिटांत (दोन इंजिनांच्या विमानांसाठीची एक प्रचलित मर्यादा) तिथे पोहोचता येते म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण केबिनमधील हवेचा दाब गेल्यास विमानाला सुमारे 10,000 फुटांपर्यंत खाली यावे लागते, तिथे इंधन भराभर जळते आणि बहुधा हाच हिशेब निर्णायक ठरतो. हवामानाचा अंदाज लवकरात लवकर ते उशिरात उशिरा पोहोचण्याच्या संपूर्ण अवधीसाठी तपासा. लाजेसला आडव्या वाऱ्याची खोड आहे (2001 मध्ये इंधन संपलेले एअर ट्रान्झॅटचे विमान तिथेच उतरले, हा भाग वेगळा). धावपट्टी आणि अग्निशमन सेवेच्या ताज्या सूचना निघण्यापूर्वी पुन्हा वाचा.