सगळेच सरदार, मग सुरुंग कोण खणणार?

प्रश्न: मे महिन्यात आमचा ग्रुप वसई किल्ल्यात, मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला त्या १७३९ च्या मोहिमेवर, लिव्हिंग हिस्टरी टाइप कार्यक्रम करतोय, म्हणजे त्या काळच्या पोशाखात लोकांना माहिती सांगायची. मला चिमाजीअप्पांचा सरदार व्हायचंय. ड्रेस भाड्याने मिळतोय, घरी खरी तलवार पण आहे. अजून काय तयारी करू?
— एक वाचक, नालासोपारा

उत्तर: तलवार घरीच राहू द्या. धारेचं हत्यार घेऊन गर्दीत फिरलात तर आर्म्स ॲक्टचं लचांड मागे लागेल, त्यापेक्षा लाकडाची करून घ्या. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, लेखी परवानगी आधी काढा, आणि भिंतीत खिळे-मशाली बिलकुल नकोत.

आता सरदारकी. ते वेलवेट आणि सोनेरी लेस नाटकात खपून जातं हो, पण इथे माणूस हातभर अंतरावरून बघतो, त्याला पाठीची चेन लगेच दिसते, आणि मेच्या घामात पॉलिस्टर म्हणजे बघायलाच नको. मी म्हणेन बेलदार व्हा, म्हणजे खणकाम करणारा. वसईचा तट फोडला तो सुरुंग लावून, पण ते खणणाऱ्यांचं नाव कोणी घेत नाही. आखूड धोतर, नाड्यांची सुती बंडी, डोक्याला मुंडासं, हातात कुदळ, बास. मग सांगा लोकांना की वरून गोळ्या येत असताना तटाच्या पायाशी भुयार कसं पोखरायचे, सुरुंगाच्या दारूला ओल लागली तर सगळी मेहनत कशी पाण्यात जायची आणि सुरुंग उशिरा उडाला तर आपलीच माणसं कशी मरायची. पोरं तिथून हलणार नाहीत.

कोणीतरी पोर्तुगीजही व्हा. तहानंतर त्यांची शिबंदी, म्हणजे किल्ल्यातली फौज, हत्यारं, बायकापोरं घेऊन किल्ल्याबाहेर पडली, तो प्रसंग करण्यासारखा आहे. फक्त वसईतले ख्रिश्चन म्हणजे शत्रू असा सूर लागता कामा नये, ती इथलीच माणसं आहेत, त्यांच्यातल्या दोघातिघांना तालमीपासूनच सोबत घ्या.

प्रश्न: अशा कार्यक्रमात चहा-वडापाव चालतो का?
— एक वाचक, वाई

उत्तर: प्रेक्षकांसमोर नाही. १७३९ च्या छावणीत चहा कुठला, आणि वडापाव तर विसाव्या शतकातला. भाकरी-कांदा खुशाल खा. तल्लफ आलीच तर तंबूच्या मागे जा, आणि कागदी कप तिथेच टाकून येऊ नका.