सांगलीच्या घरात आजोबांचा काळा पेन मिळाला, आता हिरवट-तपकिरी दिसतो. प्लॅस्टिक आहे का?

बहुतेक एबोनाइट, म्हणजे कडक रबर. टोपण अंगठ्याने जोरात घासून हुंगा. गंधकाचा वास आला तर नक्कीच. टायरच्या रबरात गंधक जेमतेम काही टक्के असतं, यात ३० टक्क्यांच्या आसपास. ते घालून बराच वेळ तापवलं की रबराची लवचीकता जाते आणि लेथवर कातता येईल असा टणक पदार्थ बनतो. अमेरिकेत नेल्सन गुडइयरने १८५१ मध्ये याचं पेटंट घेतलं.

वीज वाहू देत नाही, आम्लाला दाद देत नाही, म्हणून बॅटरीच्या पेट्या आणि विजेच्या उपकरणांचे भाग याचेच असत. कंगवे, क्लॅरिनेटचे माउथपीस, ॲक्रिलिक येण्याआधीच्या कवळ्यासुद्धा! शाळेत लोकरीवर घासायची काळी कांडी हीच. पेनात तर याला तोड नाही: निबखालच्या फीडवर, म्हणजे निबला शाई पुरवणाऱ्या भागावर, शाई छान पसरते, म्हणून चांगल्या पेनांत आजही एबोनाइटचं फीड मिळतं.

रंग उन्हाने आणि ओलाव्याने उतरतो. कृपा करून गरम पाण्यात बुडवू नका, आणखी हिरवा पडेल. गार पाण्याने फक्त निब-फीड धुवा, बाहेरून कोरडं फडकं फिरवा आणि सांगलीच्या उन्हापासून दूर, बंद डबीत ठेवा.