सांडपाण्यातली कीटकनाशकं शोधायला एन्झाईम बायोसेन्सर (एन्झाईम बसवलेला, विष ओळखणारा इलेक्ट्रोड) खरंच चालतो का? एमएस्सी प्रोजेक्टला घ्यावा का?

चालतो. 'चालत नाही' म्हणणाऱ्यांपैकी कितींनी तो ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या) आउटलेटवर लावून पाहिलाय, ते आधी विचारा.

रायगडातल्या एका कीटकनाशकाच्या कंपनीत मी लॅबला होतो. जीसीचे (गॅस क्रोमॅटोग्राफी, पाण्यात कुठलं रसायन आहे ते सांगणारी तपासणी) नमुने बाहेर जायचे, रिपोर्ट येईस्तोवर पाणी खाडीत गेलेलं असायचं. म्हणून असिटिलकोलिनएस्टरेज बसवलेला इलेक्ट्रोड मीच जुळवला. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक किड्यांच्या मज्जातंतूत बंद पाडतं तेच हे एन्झाईम. नमुन्यात दहा मिनिटं बुडवायचा, बफरने धुवायचा, असिटिलथायोकोलिन द्यायचं. ते एन्झाईमने तोडलं की करंट मिळतो, एन्झाईम बंद पडलं तर नाही. करंट पडला की पाण्यात काहीतरी आहे.

आउटलेटला क्लोरीन असायचं आणि त्याने एन्झाईम मरतं, म्हणून नमुन्यात आधी क्लोरीन घालवणारं थायोसल्फेट घालावं लागे. एका रात्रपाळीला नव्या ऑपरेटरला फोनवर म्हटलं, "बाटलीत थोडा हायपो टाकून आण." लॅबमध्ये हायपो म्हणजे थायोसल्फेट. प्लांटवर हायपो म्हणजे हायपोक्लोराइट, क्लोरीनचंच द्रावण, निळ्या कॅनमधलं. बिचाऱ्याने झाकणभर ओतलं. मला सर्दी, वास कुठला यायला! करंट जवळजवळ शून्य. रात्री दोनला मी आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला. सकाळी साहेबांनी बाटलीचं बूच काढलं, हुंगलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे कॉलेजचं खेळणं कपाटात ठेवा." ते कपाटातच राहिलं.

साहेब, इलेक्ट्रोड त्या रात्री बरोबर होता. बाटलीत विष होतं, आपणच घातलेलं. त्याने विषाचं नाव सांगावं ही अपेक्षाच चुकीची. पारा, तांबं असलं तरी करंट पडतोच. नाव सांगायला जीसी आहे. कुठला नमुना जीसीला धाडायचा ते हा सांगतो.

प्रोजेक्टला जरूर घ्या, फक्त डिस्टिल्ड पाण्यात कीटकनाशक घालून आलेख काढू नका, खरं सांडपाणी आणा. बजेट नसेल तर कीटकनाशकाऐवजी फिनॉल शोधायला घ्या, त्याला लागणारं एन्झाईम, बटाट्यातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, फुकटात मिळतं.

हां, एक राहिलं. क्लोरपायरीफॉस, मॅलाथिऑन ही ऑर्गनोफॉस्फेटं मूळ रूपात या एन्झाईमला फारशी धरत नाहीत, आधी ब्रोमीन वॉटरने त्यांचे ऑक्सॉन (ऑक्सिडाइझ झालेलं, एन्झाईमला धरणारं रूप) करून घ्यावे लागतात. नाहीतर विष असूनही रीडिंग स्वच्छ येतं. हे मलाही उशिरा कळलं. साहेबांना अजून माहीत नसावं.