मीटर आरएस-४८५ वर (वायरींच्या जोडीवरून डेटा नेणारी पद्धत) जोडताना
अरे, मीटर उत्तर देत नाही म्हणून लगेच खराब ठरवू नकोस. आधी ए आणि बी वायरींची अदलाबदल करून बघ. काही कंपन्या ही नावं उलटी छापतात. उलट जोडल्याने सहसा काही जळत नाही. माझा पहिला अख्खा दिवस यातच गेला होता!

केबल शील्डवाली, ट्विस्टेड पेअर (एकमेकींभोवती पिळलेल्या वायरींची जोडी) घे. एका मीटरवरून दुसऱ्यावर माळेसारखी ने, मधून फांद्या काढू नकोस. १२० ओहमचा रेझिस्टर फक्त माळेच्या दोन टोकांना. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) केबलसोबत एकाच ट्रेमध्ये टाकलीस तर सिग्नल बिघडून रडशील.

स्लेव्ह आयडी (मीटरचा ओळख नंबर) प्रत्येकाचा वेगळा, बॉड रेट (डेटाचा वेग) आणि पॅरिटी (चूक पकडायची सेटिंग) सगळीकडे सारखी. रीडिंग येतंय पण भलतंच? रजिस्टरचा (मीटरमध्ये रीडिंग ठेवलेली जागा) पत्ता एकने मागेपुढे करून बघ.