कोळ्याने काय खाल्ले, हे कसे ओळखावे?

प्रश्न : पिकावरील कोळी मावा (रोपांचा रस शोषणारी बारीक कीड) खातात की दुसरेच किडे, हे ठरवण्यासाठी नायट्रोजन-15 वापरतात, असे वाचले. कोळ्याचे पोट तपासून ते कळणार नाही का? शिवाय हा पदार्थ किरणोत्सारी असतो का?

उत्तर : नायट्रोजन-15 हा नायट्रोजनचा स्थिर समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा, पण वेगळ्या वस्तुमानाचा अणू) आहे, किरणोत्सारी नव्हे; हवेतील नायट्रोजनमध्येही त्याचे प्रमाण सुमारे 0.37 टक्के असते.

पोट तपासण्यातली अडचण अशी, की कोळी भक्ष्यावर पाचकरस सोडतो आणि विरघळलेला द्रव तेवढा शोषून घेतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतील असे पाय किंवा पंख त्याच्या पोटात सापडत नाहीत. भक्ष्याचा डीएनए तेथे मिळू शकतो, पण पचनाबरोबर तोही नाहीसा होतो. समस्थानिक मात्र शरीराच्या ऊतींत मुरतो.

म्हणून रोपांना नायट्रोजन-15चे प्रमाण मुद्दाम वाढवलेले नायट्रेट खत देतात. त्या रोपांचा रस शोषणाऱ्या माव्यात ही खूण उतरते आणि मावा खाणाऱ्यात पुढे जाते. असे मावे शेतात सोडून काही दिवसांनी कोळी पकडतात, वाळवून त्यांची पूड करतात आणि तिचा कणभर भाग कथिलाच्या इवल्या कुपीत बंद करून जाळतात; निघालेल्या वायूतील समस्थानिकांचे गुणोत्तर मास स्पेक्ट्रोमीटर (अणू-रेणू वस्तुमानानुसार वेगळे करणारे यंत्र) मोजतो.

खूण न करताही काही कळते. अन्नसाखळीत एक पायरी वर गेले की नायट्रोजन-15चे गुणोत्तर साधारणपणे हजारी 3 ते 4ने वाढते, तर कार्बन-13 या कार्बनच्या समस्थानिकावरून मूळ अन्न मक्यासारख्या वनस्पतीचे की गव्हासारख्या, याचा अंदाज येतो. मात्र दीर्घ उपासमारीनेही नायट्रोजनचे हे गुणोत्तर वाढू शकते, हे संशोधकांनी विसरू नये.

माझ्या मते, नेमके भक्ष्य विचारायचे असेल तर खूण केलेलीच पद्धत निवडावी, तीही एकाच भक्ष्यावर. तरीही ती खूण कोळ्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, हे यंत्र सांगत नाही. मावा खाल्लेला ढालकिडा कोळ्याने पकडला असेल, माव्याचा गोड चिकटा चाखलेली माशी गट्टम केली असेल किंवा मेलेलाच मावा उचलला असेल. त्यामुळे खूण नसलेल्या शेतातील कोळी तुलनेला घ्यावेत आणि त्याच नमुन्यांची डीएनए तपासणीही करावी. ऊतींसाठी पाय आणि डीएनएसाठी पोट असे वेगळे ठेवले तर एकाच कोळ्यावर दोन्ही चाचण्या होतात.