शियोंचा किल्ला: बोटीने जावं की बसने?

स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रोमध्ये अर्धाच दिवस हाताशी आहे, तर शियोंचा किल्ला बोटीने गाठावा की बसने, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: जाताना बोट, येताना बस. मी काही ठरवून तसं केलं नव्हतं, तसं झालं. (आणि हो, स्पेलिंग बघून आपण 'चिलॉन' म्हणतो, पण तिकडे 'शियों' म्हणा.)

बोटच का, तर या किल्ल्याला दोन तोंडं आहेत. रस्त्याच्या बाजूला बुरूज, जंग्या, पाण्यावरचा पूल, म्हणजे एकदम आठ्या घातलेलं कपाळ. जिनिव्हा सरोवराच्या बाजूला मात्र दालनांच्या ऐसपैस खिडक्या. शत्रू येणार तो रस्त्याने, त्यामुळे पाण्याकडे पाठ करून सव्होयचे काउंट, म्हणजे किल्ल्याचे तेव्हाचे धनी, निवांत राहत. बसने गेलात तर हा निवांतपणा दिसतच नाही. डोंगर इथे थेट पाण्यात उतरतो, मधे जेमतेम रस्त्यापुरती जागा, आणि तो रस्ता ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून इटलीला जाणारा. थोडक्यात, राजेशाही टोलनाका! मला तर नाणेघाटातला जकातीचा रांजणच आठवला.

मॉन्त्रोहून बोटीला पाव तास पुरतो. त्यातून शंभरी ओलांडलेली वाफेची चाकबोट मिळाली तर चैनच. 'ला स्विस' ही १९१० सालची. अशा बोटीत वर खुर्ची पकडायची घाई करू नका. मधल्या कठड्याशी उभे राहा, खाली इंजिनाचे चकचकीत दांडे पुढेमागे होताना दिसतात आणि गरम तेलाचा वास येतो.

आत गेल्यावर आधी तळघर गाठा. एका बाजूची भिंत म्हणजे चक्क कातळ, वर कमानी, आणि ऊन असेल तर पाण्यावरून उडालेला उजेड छतावर हलत असतो. इथेच बोनिव्हार या जिनिव्हाच्या धर्मगुरूला सव्होयच्या ड्यूकने खांबाला जखडून ठेवलं होतं. १५३६ मध्ये बर्नच्या फौजेने किल्ला घेतला तेव्हा तो सुटला. १८१६ मध्ये कवी बायरन येऊन गेला आणि या कैद्यावर त्याने दीर्घ कविता लिहिली. एका खांबावर बायरनचं नाव कोरलेलं दाखवतात. आपल्या गडांवर बदाम कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो, इथे तेच काचेआड जपून ठेवलंय!

वरच्या मजल्यावरची शौचकुपंही चुकवू नका. लाकडी फळीला भोक, आणि खाली थेट सरोवर. मुलं बरोबर असतील तर ती इथून हलणार नाहीत. आतल्या सामानसुमानात मला फारसा रस वाटला नाही, ती दालनं भरभर उरकली तरी चालेल.

आत दोन तास सहज जातात. माझे अडीच गेले, आणि बुरुजावरून मी खाली पाहिलं तेव्हा माझी परतीची बोट धक्क्यापासून सुटत होती. पुढची थेट दीड तासाने. बोटींच्या फेऱ्या मोजक्याच असतात, हिवाळ्यात तर आणखी कमी, तेव्हा धक्क्यावर उतरल्या उतरल्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. २०१ नंबरची बस किल्ल्यासमोरच थांबते, मी तीच धरली. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर बोट, बस आणि किल्ल्याचा प्रवेश सगळं त्यातच येतं.

बसचा एक फायदा म्हणजे मॉन्त्रोच्या बाजाराजवळ उतरता येतं. तिथे सरोवराच्या काठावर 'क्वीन' या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा पुतळा आहे. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला हा माणूस तिथे मूठ उंचावून उभा आहे, आणि फोटोसाठी किल्ल्यापेक्षा जास्त गर्दी त्याच्याभोवती होती.