खर्च कशाचा, आणि कुणाचा?

प्रश्न : काका, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून बेळगावला एम.कॉम.साठी बसनं ये-जा करते. शाळा मराठीतून झाली. या सत्रात आम्हाला सॅप हे कंपन्यांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यातलं फायनान्शिअल अकाउंटिंग (एफआय) आणि कंट्रोलिंग (सीओ), म्हणजे फिको. लॅबमध्ये सरावाला ग्लोबल बाइक नावाची सायकलींची कंपनी दिली आहे. सर स्क्रीन दाखवतात, आम्ही तसंच करतो. वर्गात सगळे स्क्रीन उघडायचे कोड पाठ कराल्यात. परवा वीजबिलाची नोंद करताना माझी स्क्रीन अडली. या खात्याला सीओ ऑब्जेक्ट हवा, असं म्हणू लागली. शेजारच्या मैत्रिणीनं कॉस्ट सेंटरचा, म्हणजे ज्याच्या नावावर खर्च पडतो त्या विभागाचा, एक आकडा सांगितला, तो टाकला आणि नोंद झाली. पण काय झालं ते मला कळलं नाही. बाबांची छोटी वीटभट्टी आहे. बाहेरच्या महागड्या कोर्सला पैसे भरायला ते तयार आहेत, मलाच धीर होत नाही. काय करू?

उत्तर : त्या अडलेल्या स्क्रीनपासूनच सुरुवात करू, कारण अर्धा फिको तिथंच आहे.

मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, हिशेब सांभाळले. समज, हेस्कॉम या वीज कंपनीचं १२ लाखांचं बिल आलं. एफबी-६० ही बिल नोंदवायची स्क्रीन उघडून तू वीजखर्च नावे टाकलास, हेस्कॉमला जमा दिलंस. हेस्कॉमच्या खात्यात रक्कम पडली की धनकोंचं मुख्य खातं आपोआप हलतं, तिथं हातानं काही लिहायचं नसतं. तेरीज जुळली. बँक, ऑडिटर, आयकर खातं यांना एवढं पुरतं. एफआयचा प्रश्न एकच असतो : खर्च कशाचा? विजेचा.

पण फौंड्री चालवणाऱ्याला हे पुरत नाही. वीज खाल्ली कुणी? भट्टीनं किती, साचे करणाऱ्या मोल्डिंगनं किती, ओतीव माल साफ करणाऱ्या फेटलिंगनं आणि मशीन शॉपनं किती, ऑफिसातल्या पंख्यांनी किती? हा सीओचा प्रश्न : खर्च कुणाचा? तुझी स्क्रीन हेच विचारत होती. वीजखर्चाचं खातं नुसतं खतावणीचं नाही, ते कॉस्ट एलिमेंटही, म्हणजे सीओतला खर्चाचा प्रकारही आहे, म्हणून त्याला खर्चाचा धनी दिल्याशिवाय सॅप पुढं जात नाही. तो धनी कॉस्ट सेंटर असेल, एखाद्या ठरावीक कामाचा खर्च गोळा करणारी इंटर्नल ऑर्डर असेल, आणखी काही असेल. तू मैत्रिणीचा आकडा टाकलास, म्हणजे वीजबिल भलत्याच कुणाच्या तरी अंगावर घातलंस.

हीच चूक मी केली आहे, म्हणून इतकं सांगतो. कंपनीत सॅप नवीन होतं, महिनाअखेरीची घाई होती. वाहतुकीची बिलं अडू लागली तसा मी ऑफिसचं कॉस्ट सेंटर घालत सुटलो. ताळेबंदाला काही झालं नाही, तो बरोबरच होता. पण मशीन शॉपचा खर्च कमी दिसला, त्याच आकड्यांवर एका कास्टिंगचा (ओतीव भागाचा) भाव ठरला आणि तो माल आम्ही तोट्यात दिला. पुढं केबी-११-एन वापरून एकेक रक्कम योग्य विभागाकडे वळवताना दोन रविवार गेले. दिलेला भाव मात्र वळवता आला नाही.

एकच बिल अनेकांचं असेल तर ते आधी एका सामायिक कॉस्ट सेंटरवर घ्यायचं आणि महिनाअखेरीला वाटायचं. वीज मीटरच्या युनिटवर, कँटीन माणसांच्या संख्येवर. इथं डिस्ट्रिब्यूशन आणि असेसमेंट या दोन शब्दांत मुलं नेहमी गोंधळतात. डिस्ट्रिब्यूशननं वाटलं तर भट्टीच्या हिशेबात ती रक्कम 'वीज' म्हणूनच दिसते. असेसमेंटनं वाटलं तर मूळ नाव जातं आणि 'कँटीनचा वाटा' असा एकच आकडा येतो. तोंडी परीक्षेत हे विचारतात.

आता बाबांच्या भट्टीकडे बघ. सायकलींची ती कंपनी काल्पनिक आहे, तिचं एक ऑफिस डॅलसला, एक हायडेलबर्गला. तुझ्या डोळ्यांसमोर ती उभी राहत नाही, यात तुझा दोष नाही. वीटभट्टी मात्र तू लहानपणापासून पाहिली आहेस. माती, तूस, जळण, मजुरी, ट्रॅक्टरचं डिझेल ही तुझी खाती. माती मळणं, विटा थापणं, भट्टी, वाहतूक ही कॉस्ट सेंटरं. आणि लावलेली प्रत्येक भट्टी म्हणजे एक इंटर्नल ऑर्डर : पेटवली तेव्हा उघडली, विटा निघाल्या तेव्हा बंद केली. बाबांच्या वहीतला एका महिन्याचा खर्च घे आणि प्रत्येक ओळीसमोर दोन रकाने आख, 'कशाचा' आणि 'कुणाचा'. दुसरा रकाना भरताना बाबांशी वाद होईल. ट्रॅक्टर शेतातही चालतो, मग डिझेल कुणाचं? तो वाद जरूर घाल. कंट्रोलिंग त्यातच शिकशील. मग लॅबमध्ये केएस-०१नं कॉस्ट सेंटर उघडताना हात थांबणार नाही. नोंद केल्यावर केएसबी-१ उघडून ती कुठं पडली, तेही बघत जा.

आणखी एक गोष्ट. लॅबच्या कंपनीचं आर्थिक वर्ष जानेवारीला सुरू होतं. आपल्याकडे एप्रिल हा पहिला महिना, सॅपमध्ये अशा एप्रिल ते मार्च वर्षाला व्ही-३ म्हणतात. मुलाखतीत 'पिरियड १ कोणता' विचारलं तर जानेवारी सांगू नकोस.

कोर्स एवढ्यात नको. पुढं लावलासच तर आधी एक विचारून घे : सॅपची जुनी आवृत्ती ईसीसी शिकवता की नवी एस/४ हाना? जुन्या ईसीसीची नेहमीची देखभाल सॅप कंपनी २०२७ अखेरीस थांबवणार आहे. २०१५ला आलेल्या एस/४ हानात एफआय आणि सीओच्या नोंदी एकाच तक्त्यात बसतात. पूर्वी दोन्हीकडचे आकडे जुळवत बसावं लागायचं. 'तेच आहे हो' असं मोघम उत्तर आलं तर बाबांचे पैसे खिशातच राहू देत.

प्रश्न : मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत नऊ वर्षं टॅली करतो. आता सगळे सॅप म्हणतात. माझं शिक्षण वाया गेलं का?

उत्तर : नाही. नावे-जमा पक्कं असलेल्या माणसाला सॅपचा एफआय फार लवकर कळतो. तुम्हाला अनोळखी आहे तो सीओ, आणि त्याची ओळख टॅलीतच करून घेता येते. एफ-११ दाबा, कॉस्ट सेंटर चालू करा. खरेदी, वखार, हमाली, वाहतूक अशी चार नावं घाला आणि या महिन्यापासून प्रत्येक खर्चाच्या व्हाउचरला त्यातलं एक लावा. महिन्यानं त्याचा अहवाल मालकांसमोर ठेवा. ते काय विचारतात, ते मला कळवा.